मामाचा रकाना

विद्यापीठात फायनान्स शिकायला जाणाऱ्या माणसाचा पहिल्या वर्षातला निम्मा वेळ फायनान्स शिकण्यात जातो आणि उरलेला निम्मा, फायनान्स म्हणजे काय हे घरच्यांना सांगण्यात. पावटक्कीचंही तेच झालं.

"म्हणजे बँकेत का?" आईनं विचारलं.

"बँकेतही जाता येतं. पण बँकेतच असं नाही."

"म्हणजे शेअर बाजार?" आईचा चेहरा उतरला.

"तिकडेही जातात. पण मी जाईनच असं नाही."

"मग जाणार कुठे नक्की?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. पावटक्कीला स्वतःलाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. तिला आकडे आवडत, आकड्यांमागे कोण बसलंय ते बघायला त्याहून जास्त आवडे, एवढंच तिला माहीत होतं.

पावटक्की हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं मामानं. ती दहा वर्षांची असताना मामा दर महिन्याला तिला बरोबर घेऊन रस्त्याच्या अलीकडच्या बँकेत थोडी बचत टाकायला जात असे. मामा रांगेत उभा राही आणि ही भिंतीवरचे फलक वाचत बसे. एकदा येताना तिनं रस्त्यापलीकडच्या बँकेचाही फलक वाचला आणि मामाचा हात धरून जागच्या जागी थांबली. पलीकडे पाव टक्का व्याज जास्त होतं.

"अगं, पाव टक्क्यासाठी रस्ता ओलांडू?" मामा म्हणाला.

"रस्ता ओलांडायला पैसे पडत नाहीत, मामा."

आठ दिवस तिनं मामाच्या कानाशी भुणभुण लावली. नवव्या दिवशी मामानं रस्ता ओलांडला आणि तेव्हापासून ती पावटक्की झाली ती झालीच. नातेवाईक सोडा, विद्यापीठातले मित्रसुद्धा तिला याच नावानं हाक मारत. वर्गात एक मुलगा पहिल्या दिवसापासून टाय लावून येई. त्याचं नाव टायवाला पडलं होतं. त्यामानानं तिचं नाव बरंच म्हणायचं.

फायनान्सच्या विभागाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडक्या दोन, पंखे चार, त्यातला एक शोभेचा. पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला विचारलं, पुढे काय होणार? टायवाल्यानं ताडकन उठून "इन्व्हेस्टमेंट बँकर" म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी बँक, विमा, कर सल्ला, शेअर असं आपापल्या घरी चालेल ते सांगून टाकलं. पावटक्की म्हणाली, "सर, अजून बघतेय."

सर हसले. "बघत राहा. या खोलीतून बाहेर पडलेली एकजण जहाजाच्या कंपनीत आहे. तेल कधी विकत घ्यायचं ते ठरवते. एकजण हॉस्पिटलमध्ये आहे, तपासणीची यंत्रं विकत घ्यायची की भाड्यानं, हे त्याच्याशिवाय ठरत नाही. एकजण कंपन्यांना गुण देतो, म्हणजे कोण कर्ज फेडेल आणि कोण तोंडाला पानं पुसेल ते सांगतो. आणि एकानं फुलांचं दुकान काढलंय. सगळ्यांत लवकर घरी जातो तोच."

पावटक्कीनं हे सगळं वहीत लिहून घेतलं, फुलांच्या दुकानासकट.

आता मामाविषयी. मामाचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. रुंदी दहा फूट, खोली अठरा फूट, जागा भाड्याची. आत शिरल्यावर उजव्या हाताला लांबलचक बाकडं, डाव्या हाताला सुट्या भागांचे खण आणि टोकाला मामाचं कामाचं टेबल. चाळीस वर्षं तो तिथे बसत होता. मशीन समोर आलं की तो आधी हत्याराला हात लावत नसे. डोळे मिटायचा, हातचाकावर एक बोट ठेवून ते हळूच फिरवायचा आणि कान द्यायचा.

"शटल घासतंय," असं म्हणायचा. नाहीतर, "याला काही झालेलं नाही, तुम्ही सुई उलटी लावलीय."

टाका सोडणारी, दोरा तोडणारी, कापड डावीकडे ओढणारी अशी सगळ्या स्वभावांची मशीनं त्याच्याकडे येत. प्रत्येकाची नोंद त्याच्या वहीत असे. त्या नोंदीत मशीनपेक्षा मालकिणीचाच जास्त उल्लेख असायचा. "पायडल फार जोरात मारतात. घरात भांडण झालं की पट्टा तुटतो." अशी एक नोंद पावटक्कीनं लहानपणी वाचली होती आणि त्या बाई दुकानात आल्या की ती आधी त्यांचा चेहरा बघे.

पावटक्की शेवटच्या वर्षाला आली तेव्हा मामा चौसष्ट वर्षांचा होता. त्याचा उजवा खांदा कुरकुरायला लागला होता आणि त्याहून जास्त मामी कुरकुरत होती. अशात शेजारच्या कव्हरवाल्यानं प्रस्ताव टाकला. या तरुणाचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान मामाच्या भिंतीला लागून होतं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाईकं आली तर तिसऱ्याला रस्त्यावरूनच रंग निवडावा लागे.

"काका, तीन लाख देतो," तो म्हणाला. "सामान, खण, दुकानाचं नाव, सगळं मिळून. जागामालकाशी मी बोललोय. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत सांगा. नाहीतर मी कोपऱ्यावरची जागा घेतो."

मामानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यानं भाचीला बोलावलं.

"तू शिकतेस ना किंमत काढायला? मग माझ्या दुकानाची काढ."

पावटक्कीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागे: कुठलाही एक धंदा घ्यायचा आणि त्याचं मूल्य काढायचं. टायवाल्यानं एक विमान कंपनी घेतली होती. तिच्या विमानात तो कधी बसलेला नव्हता, पण ताळेबंद त्याला तोंडपाठ होता. पावटक्कीनं मामाचं दुकान घेतलं.

तीन आठवडे तिनं मामाच्या पावत्या उपसल्या. भाडं, वीज, सुटे भाग वजा जाता वर्षाला एक लाख पाच हजार उरत. मग शिकवल्याबरहुकूम तिनं पुढची वर्षं मांडली. काम दरसाल दोन टक्क्यांनी वाढेल असं धरलं. पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी असते, म्हणून दरसाल बारा टक्क्यांनी ती घटवली. पहिली पाच वर्षं एकेक करून मांडली आणि त्यानंतरची सगळी वर्षं पुस्तकातल्या सूत्रानं एका घासात घेतली. उत्तर आलं साडेदहा लाख. तिनं तीनदा ताळा केला. तिन्ही वेळा साडेदहा.

मामानं तो अहवाल छापून आणायला लावला, त्याला पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टण घातलं आणि बॉबिनच्या खणाशेजारी उभा करून ठेवला. येणाऱ्या प्रत्येकीला तो दिसेल अशा बेतानं.

"काय हो हे?" कुणी विचारलंच तर मामा म्हणे, "काही नाही. किंमत आहे. भाचीनं काढलीय. विद्यापीठातली आहे."

कव्हरवाला आला तेव्हा मामानं मान वर न करताच सांगितलं, "साडेदहा."

"काका, साडेअकरा वाजलेत."

"वेळ नाही सांगत. दुकानाचे साडेदहा लाख."

कव्हरवाल्यानं अहवाल चाळला. आत चौकटीच चौकटी होत्या. तो म्हणाला, "काका, छपाई सुंदर आहे. माझे तीनच," आणि निघून गेला. मामानं त्याच्या पाठीकडे बघत हातचाक फिरवलं. पावटक्कीला वाटलं, आपण मामाला केवढ्या नुकसानीतून वाचवलं!

तोंडी परीक्षा होती बावीस तारखेला. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम लहान व्यापाऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज मऊ. टायवाल्याच्या विमान कंपनीला त्यांनी दहा मिनिटांत खाली उतरवलं. मग पावटक्कीचा अहवाल पुढे ओढला आणि पानं उलटत शेवटच्या तक्त्यावर थांबल्या.

"छान मांडलंय. हे दुकान चालवतं कोण?"

"माझे मामा."

"आणि दुरुस्ती कोण करतं?"

"मामाच."

"पाचव्या वर्षी?"

"मामा."

"तिसाव्या वर्षी?"

पावटक्कीनं तक्ता आपल्याकडे ओढून पुन्हा बघितला.

"तुमचं सूत्र कायमचं आहे," मॅडम तितक्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "त्याला शेवट नाही. शंभराव्या वर्षीही दुरुस्ती चालूच आहे, आणि तीही दरसाल दोन टक्क्यांनी वाढतेय. मामांचं आजचं वय काय?"

"चौसष्ट."

मागे बसलेला वर्ग खदखदून हसला. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

"बरं, मामांच्या जागी पगारी कारागीर ठेवू," मॅडम म्हणाल्या. "काय घेईल?"

"महिना नऊ हजार."

"म्हणजे वर्षाचे?"

"एक लाख आठ हजार," पावटक्की म्हणाली. पुढची वजाबाकी तिच्या डोक्यात आपोआप झाली. उरत होते वजा तीन हजार. खणांतलं सगळं सामान आणि हत्यारं विकली तर फार तर ऐंशी-पंच्याऐंशी हजार येतील. आणि कव्हरवाला देत होता तीन लाख! तेवढे कुणी पुन्हा देणार नव्हतं. ते मामानं तिच्या छापील कागदाच्या जोरावर धुडकावले होते.

"नापास नाही करत," मॅडम म्हणाल्या. "पाच तारखेला पुन्हा घेऊन या. यात माणूस घालून आणा."

बाहेर आल्यावर टायवाल्यानं तिला चहा पाजला. "माझ्या विमानांचं इंधन धरायचं राहिलं होतं," त्यानं सांगितलं. तेवढ्यानं तिला थोडं बरं वाटलं. पण आज बावीस होती, आणि तीस तारखेला कव्हरवाला कोपऱ्यावर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली. मामी डबा घेऊन आली होती आणि मामा बाकड्यावर बसून जेवत होता. बरंच झालं, पावटक्कीला वाटलं, एकदाच सांगावं लागेल.

तिनं सगळं सांगितलं. मामानं घास हातात धरून ऐकलं.

"म्हणजे त्या कागदात मी..."

"अमर होतास."

"किती वर्षं?"

"कायमचा, मामा. अमर म्हणजे कायमच की."

"आणि दुरुस्ती करत होतो?"

"दरसाल दोन टक्के जास्त."

"मला विचारायचं नाही का गं?" मामी म्हणाली. "गेली पाच वर्षं हे दरसाल दोन टक्क्यांनी कमीच करतायत. घरातलं तर शून्यावर आलंय."

मामा हसला नाही. "आणि मला वगळलं तर दुकानाचे किती?"

पावटक्कीनं खणांकडे बघत सांगितलं. "वर्षाला वजा तीन हजार."

मामानं घास डब्यात परत ठेवला.

"चाळीस वर्षं बसलो इथे," मामा म्हणाला. "चाळीस वर्षांचे वजा तीन हजार."

"अहो, असं काय वाचता?" मामी म्हणाली. "उलटं वाचा ना. तुम्ही बसलात म्हणून ते वजा झालं नाही. शाळेत वजाबाकी तुम्हाला यायची नाही ते उगाच नाही."

मामानं मामीकडे बघितलं. मग अहवालाकडे. हळूहळू त्याच्या मिशीचं एक टोक हललं.

"म्हणजे किंमत दुकानाला नाही. मला आहे."

"हो," पावटक्की म्हणाली.

"मग दुकान विकण्यापेक्षा मलाच विकायला काढा."

"कोण घेतंय?" मामी म्हणाली आणि तिघंही हसली. हसणं ओसरल्यावर मामानं डबा बंद केला. "जाऊ दे. त्या पोराला सांगतो तीन लाख कबूल आहेत म्हणून. मिळताहेत तोवर घ्यावेत."

"मामा, तुला विकायचंय का पण?"

"खांदा हो म्हणतो."

"आणि तू?"

मामानं विचार केला. "दुपारी एकपर्यंत मी नाही म्हणतो. एकनंतर मीही हो म्हणतो."

एवढ्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई मशीनचं डोकं कापडात गुंडाळून घेऊन आल्या. मामानं बोट ठेवलं, कान दिला, अर्धा तास लागेल म्हणाला. बाई बाकड्यावर टेकल्या, इकडेतिकडे बघितलं, पाच मिनिटांत कंटाळल्या आणि उठून शेजारी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या मोबाइलला नवं जांभळं कव्हर होतं.

पावटक्की त्या जांभळ्या कव्हराकडे बघतच राहिली.

"मामा, आज मी इथे बसले तर चालेल? उद्याही? चार दिवस?"

"बस की. आता अमरत्व गेलंच आहे, बसायला कुणाची भीती?"

चार दिवस दुकान बंद होईपर्यंत पावटक्की बाकड्याच्या टोकाला वही घेऊन बसली. तिथून मामाचं टेबल दिसे आणि शेजारच्या दुकानाची पायरीही दिसे. ती नुसत्या रेघा ओढत होती. दुसऱ्या दिवशी कव्हरवाल्यानं डोकावून विचारलं, "ताई, माझ्यावर पहारा बसवलाय का?"

"पहारा नाही, अभ्यास."

"अभ्यासात मी आहे?"

"अजून बघतेय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं रेघा मोजल्या. मामाकडे आलेली माणसं एकसष्ट. त्यातली थांबलेली एकोणचाळीस. थांबून कंटाळून शेजारी गेलेली तेवीस आणि तिथे काहीतरी विकत घेतलेली सतरा. कव्हरवाल्याकडे चार दिवसांत खरेदी करणारी एकूण माणसं अठ्ठेचाळीस. तिनं भागाकार केला, पुन्हा केला. मग पहिल्या वेळेची आठवण होऊन तिनं स्वतःला विचारलं, या आकड्यामागे माणूस आहे का? होता. मामा होता, आणि बाकडं होतं.

सत्तावीस तारखेला ती मामाला घेऊन शेजारी गेली. अरुंद दुकानात तिघं मावेनात, म्हणून कव्हरवाला आत उभा राहिला, पावटक्की पायरीवर आणि मामा रस्त्यावर.

"काकांचं दुकान घेऊन तुम्ही काय करणार?" तिनं विचारलं.

"मोठं करणार. मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकणार. बाकडं काढणार. उगाच जागा खातं ते."

पावटक्कीनं वही पुढे केली. "तुमच्या दर शंभर गिऱ्हाइकांतली पस्तीस त्या बाकड्यावरून उठून येतात. मामाची मशीनं बंद झाली की बाकडं रिकामं होणार. तुम्ही तीन लाख खर्च करून तुमचंच एक तृतीयांश गिऱ्हाईक घालवताय."

कव्हरवाल्यानं रेघा बघितल्या. त्यानं त्यातली जांभळ्या कव्हराची रेघ ओळखली, आणि चौथ्या दिवशी भाव करून करून त्याला घाम फोडणाऱ्या आजींचीही.

"ताई, तुम्ही माझ्या बाजूनं आहात की काकांच्या?"

"मी बाकड्याच्या बाजूनं."

रस्त्यावरून मामा म्हणाला, "ती लहानपणापासून अशीच आहे. पाव टक्का सोडत नाही."

मग चहा आला. तोही पायरीवर एक, रस्त्यावर एक असा वाटला गेला. बोलणं दोन दिवस चाललं, कारण कव्हरवालाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. शेवटी ठरलं ते असं. मधली भिंत पुढच्या निम्म्या भागात पाडायची. पुढची निम्मी जागा कव्हरवाल्याची. तिचं भाडं म्हणून तो मामाला दरमहा चार हजार देणार, शिवाय साठ हजार अनामत. मागची निम्मी मामाची. मामा दुपारी एकपर्यंत काम करणार. एकनंतर टेबल झाकून घरी. एकनंतर कुणी मशीन घेऊन आलं तर कव्हरवाल्यानं ते उतरवून घ्यायचं, चिठ्ठी लिहायची आणि "उद्या सकाळी या" म्हणायचं. जागामालकानं दोघांकडून थोडं जास्त भाडं कबूल करून घेतलं आणि मान डोलावली.

करारात पावटक्कीनं एक कलम घातलं: बाकडं हलवायचं नाही. मामानं स्वतःचं एक घातलं: मामा मशीनला कान देत असताना दुकानात कुठल्याही मोबाइलची घंटी वाजवून दाखवायची नाही. कव्हरवाल्यानं दोन्हींवर सही केली, दुसऱ्यावर जरा नाखुशीनं. तीस तारीख आली तेव्हा कोपऱ्यावरच्या जागेत कुणी भलत्यानंच चपलांचं दुकान थाटलं होतं.

पाच तारखेला पावटक्की नवा अहवाल घेऊन मॅडमसमोर बसली. पहिला चाळीस पानांचा होता, हा अकरा पानांचा.

"तिसावं वर्ष कुठाय?" मॅडमनी विचारलं.

"नाही धरलं. तीनच वर्षं धरलीत, तीही दुपारी एकपर्यंतची. पुढचं दरसाल मामाला विचारून."

"आणि ही पान सातवरची बाकड्याची आकृती?"

"या धंद्यातली सगळ्यात किमती वस्तू. ताळेबंदात नव्हती."

मॅडमनी चष्मा काढला. "शिकून पुढे काय करणार?"

तीन वर्षांपूर्वी सरांना दिलेलं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते आता खरं नव्हतं. "दुकानं बघायला आवडतील," ती म्हणाली. "कागदावर नाही. बसून."

"आमच्याकडे लोक कागदावरच बघतात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर आमची कर्जं बुडतात. जुलैपासून या."

घरी आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे बँकेत का?"

"बँकेसारखंच. पण मी बाहेर असणार. कर्ज मागणाऱ्यांच्या दुकानात जाऊन बसायचं आणि काय दिसतं ते लिहायचं."

"बसायचा पगार देतात?" आईला पटेना. मग तिनं आपल्या दादाला, म्हणजे मामाला फोन लावून खात्री करून घेतली. मामानं सांगितलं, "देतात. ती चांगलं बसते."

टायवाल्याला एका मोठ्या कंपनीत, काचेच्या इमारतीत विसाव्या मजल्यावर नोकरी लागली. तिथे मात्र कुणीच टाय लावत नाही, असं त्यानं पहिल्याच आठवड्यात हताश होऊन कळवलं.

पावटक्कीच्या संस्थेत कर्जाच्या अर्जासोबत एक तपासणीचा तक्ता असे. त्यात बावीस रकाने होते. उलाढाल, भाडं, माल, वीज, तारण, सगळं. पहिल्या महिन्यात ती बेकरीत बसली, चष्म्याच्या दुकानात बसली, एका छापखान्यात बसली. छापखान्याचे बावीसच्या बावीस रकाने उत्तम होते. पण तिथलं जुनं यंत्र ज्यांच्या हाताखेरीज चालत नव्हतं, ते गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना पुढच्या महिन्यात मुलीकडे राहायला जायचं होतं. हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. पावटक्कीनं तक्त्याच्या कडेला पट्टी धरून पेन्सिलीनं तेविसावा रकाना आखला: काम प्रत्यक्ष कोण करतं, वय किती, त्याच्यानंतर कोण.

तीन महिन्यांत मॅडमनी तो छापून घेतला. कचेरीत त्याला सगळे "मामाचा रकाना" म्हणू लागले. नव्यानं आलेल्यांना वाटे, इथे नातेवाइकांची शिफारस लिहायची असते. एकानं तर खरोखरच आपल्या मामाचं नाव, पत्ता आणि फोन लिहून तक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवला होता.

ही बातमी मामाच्या कानावर गेली तेव्हा तो हट्टालाच पेटला. "माझ्या नावाचा रकाना आहे तर मी भरणार. आण तो कागद."

"मामा, तू कुठे कर्ज मागितलंयस?"

"नसेना का. रकाना माझा आहे."

एका सुट्टीच्या दिवशी पावटक्की कोरा तक्ता घेऊन दुकानात गेली. पुढच्या भागात कव्हरवाला काच पुसत होता. बाकड्यावर तीन बायका बसल्या होत्या, त्यातल्या एका बाईंना मामानं त्यांच्याच मशीनचं शटल काढून साफ करायला लावलं होतं. थांबणाऱ्यांना कामाला लावायचं हे नवं खूळ त्यानं अलीकडेच काढलं होतं. त्यामुळे आपल्या विक्रीवर परिणाम होतोय, अशी कव्हरवाल्याची तक्रार होती. मामाचं म्हणणं, करारात बाकडं न हलवण्याचं लिहिलंय, बाकड्यावरच्या माणसांनी हात हलवू नयेत असं कुठे लिहिलंय?

मामानं चष्मा चढवला आणि बावीस रकाने न वाचता ओलांडून तेविसाव्याशी आला. "काम कोण करतं" याच्यापुढे त्यानं "मी" असं ठसठशीत लिहिलं. वय लिहिलं पासष्ट. मग "त्याच्यानंतर कोण" पाशी पेन थांबलं.

या रकान्यापाशी माणसं थांबतात, हे पावटक्कीला एव्हाना ठाऊक होतं. बेकरीवाले थांबले होते, छापखान्यातले गृहस्थही बराच वेळ थांबले होते. अशा वेळी घाई करायची नसते.

मामानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एकला दहा मिनिटं कमी होती. बाकड्यावरच्या बाईंनी साफ केलेलं शटल नीट बसलंय का ते त्यानं बोटानं चाचपलं, एकदा हातचाक फिरवलं, कान दिला, आणि मान हलवली. मग वाकून सावकाश लिहिलं:

"त्याच्यानंतर, म्हणजे एकनंतर – कव्हरवाला. उद्या सकाळी नऊला पुन्हा मी."